एक रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, घोडा परत बाकीच्यांत बांधू का? (साल्मोनेला या जुलाबाच्या जंतूचा संशय)

शिंगरूवेडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा बदाम, नऊ वर्षांचा, खच्ची केलेला, वजन अंदाजे साडेचारशे किलो. दहा-बारा दिवसांपूर्वी लांबून गाडीतून आणला, चौदा तास उभा, वाटेत पाणी दोनदाच तोंडाला लावलं, गवताला तर हुंगलंसुद्धा नाही. उतरवल्यावर बघतो तर मागच्या पायाला खरचटलेलं, दुसऱ्या दिवशी तिथे सूज, म्हणून अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाणा गव्हाणीत तसाच. मला वाटलं दमलाय. थर्मामीटर लावला तर १०३.४. आणि मग रात्री बाराच्या पुढे जे जुलाब सुरू झाले, म्हणजे जुलाब हा शब्दच कमी पडेल, नळ सोडल्यासारखं, मागची भिंत चार फुटांपर्यंत भरलेली, आणि वास असा की दोन दिवस कपड्यांतून गेला नाही. हिरड्या विटकरी लाल, ठोके वाढून ७२, रक्तात पांढऱ्या पेशी एकदम उतरलेल्या. डॉक्टरांनी अँटिबायोटिक तिथेच थांबवलं, चार दिवस सलाईन, तो लगेच बाजूला पण काढला (सगळ्यात टोकाला सामानाची खोली होती ती रिकामी केली).

लिदीचा नमुना दुसऱ्या दिवशी पाठवला, एकच. काल रिपोर्ट आला, साल्मोनेला सापडला नाही. बदाम आता खातोय, ताप १००.२, लीद अजून गोळे धरत नाही पण पाणी नाही, गाईच्या शेणासारखी आहे.

आता ज्यांची पागा आहे ते म्हणतात, रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना, मग आणा त्याला परत त्याच्या जागी, मला ती खोली पाहिजे. त्याच्या जागेपासून दोन खाने सोडून एक घोडी आहे तीन आठवड्यांच्या शिंगरासकट, आणि पलीकडे एक नऊ महिन्यांची गाभण. आमचे डॉक्टर चार दिवस बाहेर आहेत, फोनवर फक्त "घाई नको" एवढंच म्हणाले. माझ्या पोटात गोळा आलाय पण मालकांना काय सांगू कळत नाही. एक रिपोर्ट पुरतो का?

लगाम_सैल

नका आणू. बाकीचे सविस्तर सांगतीलच, मी फक्त माझं सांगतो. आमच्या घोडीचा पण पहिला रिपोर्ट स्वच्छ होता, आम्ही खूश होऊन तिला रांगेत आणली, आणि सतराव्या दिवशी शेजारच्या घोड्याला १०४ ताप. तेव्हा मग सगळ्यांचे नमुने काढले तर घोडी पॉझिटिव्ह, आणि ती बया मजेत खात होती, अंगावर चकाकी. तब्येत बघून काही कळत नाही हो.

रात्रपाळीचा_डॉक्टर

पशुवैद्य आहे, घोड्यांचंच काम करतो, पण तुमचा घोडा मी बघितलेला नाही हे धरून वाचा, आणि तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या वरचा.

सरळ उत्तर: नाही, एक रिपोर्ट पुरत नाही. आणि तुमच्या बाबतीत तर हा रिपोर्ट अगदीच कच्चा आहे. कारण बघा. साल्मोनेला लिदीतून रोज सारखा बाहेर पडत नाही. आज पडेल, उद्या नाही, परवा परत. म्हणून कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायचं तर निदान पाच नमुने घेतात, प्रत्येक नमुन्यात १२ ते २४ तासांचं अंतर ठेवून, आणि पाचही निगेटिव्ह आले की मग जरा श्वास सोडायचा. पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी असेल तर तीन नमुन्यांवर पण बरेच जण थांबतात, तो लवकर येतो, पण तो मेलेल्या जंतूचा डीएनए पण पकडतो आणि कुठलं औषध लागू पडेल ते सांगत नाही, त्यासाठी कल्चरच लागतं.

दुसरं म्हणजे तुमचा नमुना कधी घेतला? दुसऱ्या दिवशी, लीद पाण्यासारखी असताना. त्या वेळी एवढं पाणी सुटलेलं असतं की जंतू त्यात पातळ होऊन जातात. लोकांना उलटं वाटतं, की जुलाब जोरात म्हणजे जंतू जोरात, तसं नसतं. लीद जरा घट्ट व्हायला लागली की, म्हणजे आत्ता, नमुना सापडायला जास्त बरा. तिसरं, त्याच्या अंगात तेव्हा अँटिबायोटिक होतं. चौथं, किती पाठवली? कापसाच्या काडीवर घेतली असेल तर सोडूनच द्या, निदान १० ग्रॅम लीद हवी, स्वच्छ डबीत, जमिनीवरून खरवडलेली नको.

आणि तुम्ही जी गोष्ट सांगितलीत ती तर पुस्तकातल्यासारखी आहे. लांबचा प्रवास, उपास, अँटिबायोटिक, मग ताप, पांढऱ्या पेशी पडणं आणि जुलाब. घोड्याच्या मोठ्या आतड्यात जे चांगले जंतू असतात ते गवत आंबवून काही आम्लं बनवतात आणि त्या आम्लांमुळे साल्मोनेलाला तिथे बूड टेकता येत नाही. घोडा चौदा तास उपाशी राहिला की ती आम्लं कमी पडतात, वरून अँटिबायोटिकने चांगले जंतू पण मारले, मग काय, घर रिकामं आणि दार उघडं. जंतू तुमच्याकडेच मिळाला असं पण नाही, तो आधीपासून आतड्यात गप्प बसलेला असू शकतो. धडधाकट घोड्यांतही थोडे असे वाहक असतातच.

हे खरं की अशाच जुलाबाला दुसरी पण कारणं आहेत, क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूचे दोन प्रकार, घोड्यांचा कोरोनाव्हायरस, आतड्याच्या भिंतीत दडलेले बारीक जंत एकदम बाहेर पडणं, दुखण्याच्या गोळ्या जास्त झाल्या तरी होतं. त्यातही अँटिबायोटिकनंतरचं म्हटलं की क्लॉस्ट्रिडियम हा पण मोठा संशयित, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. पण तुम्हाला मालकांना सांगायला मुद्दा एकच पुरे: काय होतं ते कळेपर्यंत घोडा संसर्गाचाच धरायचा.

जुना_खरारा

चाळीस वर्षं घोड्यांत गेली आमची. आमच्या वेळी असले पाच पाच नमुने कोणी बघितले नव्हते. हगवण लागली की तगडं अँटिबायोटिक द्यायचं, तीन दिवसांत घोडा उभा. आता हे डॉक्टर लोक अँटिबायोटिक थांबवतात म्हणजे कमालच आहे. जंतू आहे म्हणता आणि जंतूचं औषध देत नाही. ताईंनी मनावर घेऊ नये, पण घोडा खायला लागला ना, मग झालं. उगाच भीती घालून ठेवायची.

रात्रपाळीचा_डॉक्टर

काका, तुमच्या चाळीस वर्षांचा मान ठेवून सांगतो. तीन दिवसांत जे उभे राहिले ते दिसले, जे नाही राहिले त्यांचं कारण तेव्हा कोणी "साल्मोनेला" म्हणून लिहून ठेवलं नव्हतं.

मोठ्या घोड्याला आतड्याच्या साल्मोनेलात अँटिबायोटिक दिल्याने जुलाब लवकर थांबतात असं दिसत नाही, आणि बाहेर पडणारे जंतू पण त्याने कमी होत नाहीत. उलट राहिलेसाहिले चांगले जंतू जातात. घोडा मरतो तो जंतूने आतडं खाल्लं म्हणून नाही, तर मेलेल्या जंतूंच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, सोललेल्या आतड्यातून रक्तात जातं म्हणून, आणि पाणी संपतं म्हणून. हे विष घोड्याला जेवढं बाधतं तेवढं फार कमी जनावरांना बाधतं. साडेचारशे किलोच्या घोड्याच्या अंगातलं पाणी वजनाच्या नुसतं आठ टक्के घटलं तरी ३६ लिटरची तूट झाली, आणि जुलाब चालूच असतात, म्हणजे भरायचं ते वेगळं. म्हणून बादल्यांनी सलाईन. रक्तातलं प्रोटीन पण आतड्यातून गळतं, पोटाखाली आणि पायांवर सूज दिसते ती त्यामुळे, मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग, द्यावा लागतो.

अँटिबायोटिक द्यायची वेळ येते, नाही असं नाही. लहान शिंगराला देतातच, कारण त्याच्यात जंतू आतड्यात थांबत नाही, रक्तात उतरतो, सांध्यात जाऊन बसतो, हाडात, फुप्फुसात, मेंदूच्या आवरणात. मोठ्या घोड्यातही पांढऱ्या पेशी फारच पडल्या असतील किंवा जंतू रक्तात गेलाय असं वाटलं तर डॉक्टर देतात, पण ते बघून. सरसकट नाही.

आणि औषधांना न जुमानणारा जंतू काय करतो तेही बघितलंय सगळ्यांनी. २००४ साली अमेरिकेत पेनसिल्वानिया विद्यापीठाचं न्यू बोल्टन सेंटर, घोड्यांच्या मोठ्या दवाखान्यांपैकी एक, साल्मोनेलाच्या न्यूपोर्ट नावाच्या जातीमुळे बंद ठेवावं लागलं होतं, आणि तो न्यूपोर्ट एकाच वेळी कितीतरी औषधांना दाद न देणारा होता. सगळं धुऊन, नव्याने बांधून काढून मग उघडलं. तिथे माणसं शिकलेली, साधनं भरपूर, तरी ही अवस्था. एखाद्या पागेत शिरला तर काय करणार आपण.

फावडं_नंबर_दोन

मी डॉक्टर नाही, मी पागा सांभाळते, पंचवीस-तीस जनावरं असतात. आमच्याकडे एकदा हा प्रकार होऊन गेलाय. उपचाराचं डॉक्टरांनी सांगितलं, मी धुण्याबद्दल बोलते, कारण खरी माती तिथेच खाल्ली आम्ही.

आजारी घोडी आम्ही वेगळी काढली, वेगळं फावडं, वेगळी घमेली, वेगळे गमबूट, दाराशी जंतुनाशकाचा ट्रे, सगळं कसं फोटोत काढण्यासारखं. तरी नवव्या दिवशी दुसरा घोडा पडला, तो पण लांबच्या टोकाचा. डोकं फुटायची वेळ आली. शेवटी एक पोरगा काम करताना मी नुसती बाजूला बसून बघत राहिले, अर्धा दिवस. आणि दिसलं काय, तर पाण्याचा पाईप. पाईप एकच होता. त्याने घोडीच्या बादलीत पाणी भरलं, पाईप खाली टाकला, त्याचं तोंड गेलं थेट गटाराच्या पन्हळीत, जिथे तिच्या खोलीचं धुतलेलं पाणी वाहत होतं. मग उचलला आणि चालला पुढच्या बादल्या भरत. आठ बादल्या. प्रत्येक बादलीत पाईपचं तोंड पाण्यात बुडवून. रोज दोन वेळा. नऊ दिवस.

फावडी वेगळी ठेवून काय उपयोग झाला मग?

तर शिंगरूवेडी, तुम्ही उद्या सकाळी हेच करा, बसून बघा. कोणती वस्तू दोन्हीकडे जाते. आमच्याकडे नंतर अजून सापडल्या त्या म्हणजे थर्मामीटर (सगळ्या पागेत एकच, दोरीला बांधलेला, पुसून परत डब्यात), लिदीच्या ढकलगाडीचं चाक, खुरं साफ करायचा आकडा, आणि एक मांजर. मांजराचं काही करता आलं नाही. उंदीर, पाखरं, माश्या हे पण वाहून नेतात म्हणतात, त्यामुळे दाणा झाकून ठेवा.

फावडं_नंबर_दोन

राहिलं ते लिहिते. धुण्याचा क्रम. लोक काय करतात, लिदीवरच ब्लीच ओततात आणि वाटतं झालं. ब्लीच लिदीत, मातीत, भुशात मरून जातं, जंतूपर्यंत पोचतच नाही. आधी सगळा अंथर काढायचा, मग साबणाच्या पाण्याने ब्रशने घासायचं, अगदी कोपरे, कडीकोयंडा, गव्हाणीची खालची बाजू सुद्धा, मग धुवायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं, आणि मग जंतुनाशक. घरचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, दहा मिनिटं तरी ओलं राहिलं पाहिजे, परत वाळवायचं. दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये, ॲसिडमध्ये ब्लीच मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि ते जोरदार फवाऱ्याचं मशीन वापरू नका, मला माहितीय हात शिवशिवतात, पण त्याने घाण बारीक थेंब होऊन शेजारच्या खान्यात जाते.

तुमची सामानाची खोली मातीची जमीन असेल तर अवघड आहे, माती धुता येत नाही. वरचा थर काढून टाकावा लागतो. लाकडाच्या फळ्या पण तशाच, भेगांत राहतो. हा जंतू सावलीत, ओलीत महिनोन् महिने टिकतो, कडक उन्हात कमी होतो. आम्ही दारं उघडी ठेवून आठवडाभर ऊन खाऊ दिलं खोलीला. लीद कुरणात पसरू नका, वेगळा ढीग करा आणि तो चांगला तापू द्या.

दाराशी ट्रे ठेवाल तर त्यातलं पाणी काळं झालं की बदला, नाहीतर तो साल्मोनेलाचा चहा होतो.

शिंगरूवेडी

बापरे. पाईपचं वाचलं आणि उठून खाली जाऊन बघितलं. आमचा पण एकच आहे. आणि कुठे पडलेला होता सांगू? बदामच्या दारात.

सगळ्यांना खूप धन्यवाद, जुना_खरारा काकांना पण, राग नाही हो.

दोन गोष्टी लपवल्या नव्हत्या पण मुद्द्याच्या वाटल्या नाहीत म्हणून लिहिल्या नाहीत, आता वाटतंय लिहायला हव्यात. एक, बदामची देखभाल करणारा आमचा मोतद्दार, त्याला परवापासून ताप आणि जुलाब आहेत, तो म्हणतो बाहेरचं काहीतरी खाल्लं. त्याच्या घरी दोन वर्षांची मुलगी आहे. दुसरं, बदाम आज सकाळी वळताना जरा जपून पाय टाकतोय असं वाटलं, कदाचित जास्त उभं राहून असेल. पुढचे खूर हाताला गरम लागतात. मला उगाचच वाटतंय का?

रात्रपाळीचा_डॉक्टर

आधी खूर. उगाच नाही वाटत. आता हे वाचून झाल्यावर लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन करा, ते बाहेर असतील तर त्यांच्या जागी जे कोण असतील त्यांना, आणि "खूर" हा शब्द पहिल्या वाक्यात वापरा. एंडोटॉक्सिन चढलेल्या घोड्याला लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं ते सुजून सुटायला लागतात. जुलाब बरे होत आलेत, घोडा खातोय, सगळे निवांत, आणि मग हे येतं. कितीतरी घोडे जुलाबातून वाचून यात गेलेत.

तोवर काय करायचं. गुडघ्याखाली, घोट्याच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे बोटं हलकी ठेवा, नाडी लागते. निरोगी घोड्यात ती जेमतेम सापडते, शोधावी लागते. ठणठण लागत असेल तर पक्कं. चारही पाय बघा. त्याला चालवू नका, फिरवून बघू नका, "लंगडतोय का" म्हणून तर मुळीच नाही. खाली जाड मऊ अंथर. आणि बर्फ. खुरापासून घोट्याच्या वरपर्यंत बर्फ-पाण्यात, सतत, मध्ये मध्ये अर्धा तास असं नाही, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत, दोन-तीन दिवस पण लागतात. खरं तर हे जुलाब असतानाच, लंगडायच्या आधी सुरू केलं तर जास्त उपयोग होतो, पण आता तरी करा. पाण्याच्या जाड पिशव्या पायात बांधून बर्फ भरत राहायचा, रात्री उठून पण. दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, पाणी कमी झालेल्या घोड्याच्या किडनीवर ती उलटते.

हात लागलाच आहे तर मानेची शीर पण बघा जिथे सलाईनची नळी होती. दोरीसारखी टणक लागली, गरम, किंवा दुखते म्हणून मान चोरली, तर तेही सांगा. या आजारात रक्त गोठायची खोड लागते.

आता मोतद्दार. त्याला आजच माणसांच्या डॉक्टरकडे पाठवा आणि त्याने तिथे स्वतःहून सांगितलं पाहिजे की मी साल्मोनेलाचा संशय असलेल्या घोड्याचं करतोय. नाहीतर ते बाहेरचं खाल्लं म्हणून दोन गोळ्या देऊन सोडतील. माणसाला घोड्यापासून होतो हा, नक्की होतो. हात तोंडाला लागल्यापासून काही तासांत ते साधारण सहा दिवसांत कधीही सुरू होतो. धट्टाकट्टा माणूस बहुतेक वेळा चार-सात दिवसांत आपोआप बरा होतो, पण पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना जड जातो. त्या मुलीसाठी सांगतोय: त्याचे कामाचे कपडे आणि बूट घरी जायला नकोत, इथेच काढायचे, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. नुसतं सॅनिटायझर नको, हाताला लीद असताना त्याचा उपयोग नाही. पागेत चहा, बिडी, तंबाखू मळणं बंद. तो बरा होईपर्यंत शिंगराच्या घोडीच्या आसपास पण नको.

लगाम_सैल

तंबाखू मळणं बंद, हे कोण सांगणार त्याला 😅 आमच्याकडे त्यावरून संप व्हायचा बाकी होता.

जाता जाता, साल्मोनेलाचा आणि सामन माशाचा काही संबंध नाही. मला इतकी वर्षं वाटायचं मासळीतून येतो म्हणून तसलं नाव. डॅनियल सालमन नावाचे अमेरिकन पशुवैद्य होते, त्यांचं नाव दिलंय, आणि जंतू प्रत्यक्ष शोधला तो त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथने, १८८५ साली, डुकरात. काम कोणाचं आणि नाव कोणाचं, तेव्हापासून चालू आहे.

जुना_खरारा

खुराचं डॉक्टरांनी सांगितलं ते शंभर टक्के. त्यात मी वाद घालणार नाही, एक चांगला घोडा त्यात घालवलाय मी. हगवण थांबली म्हणून दाणा भरपूर सुरू केला होता, अशक्त झालाय म्हणून. ताई, दाणा नका देऊ आत्ता, नुसतं चांगलं वाळलेलं गवत. पाणी दोन बादल्यांत ठेवा, एक साधी आणि एक मीठ घातलेली, त्याला कळतं कुठली प्यायची ते.

फावडं_नंबर_दोन

शिंगराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. तीन आठवड्यांचं शिंगरू लीद खातं. आईची, दुसऱ्याची, मिळेल ती. त्यांचं ते असतंच, आतड्यात जंतू वसवायला खातात म्हणे. म्हणजे बदाम त्या रांगेत आला आणि त्याची लीद वाटेत पडली तर ती पहिल्यांदा तोंडात कोण घालणार? मालकांना हे एवढं सांगा, बाकी पाच नमुने वगैरे नंतर. आमच्या मालकांना जंतूचं शास्त्र सांगून काही झालं नाही, पण शिंगरू लीद खातं म्हटल्यावर जागचे उठले.

आणि कामाचा क्रम ठरवून टाका: सकाळी पहिल्यांदा शिंगराची घोडी आणि गाभण, मग बाकीचे, बदाम सगळ्यात शेवटी, आणि त्याच्याकडून परत कोणाकडे जायचं नाही. जमलं तर त्याला माणूसच वेगळा.

गाभणघोडीवाला

गाभण घोडीचा विषय निघालाय म्हणून एक शंका. साल्मोनेलाने घोडी गाभडते असं ऐकलंय, तो हाच का?

रात्रपाळीचा_डॉक्टर

तो भाऊबंद. साल्मोनेला ॲबॉर्टस-इक्वाय म्हणून एक जात आहे जी घोड्यांतच राहते, आणि तिचा मुख्य धंदाच तो, घोडी बहुतेक शेवटच्या महिन्यांत गाभडते, आधी फारसं काही दिसत नाही. जुलाब करणारे ते वेगळे, टायफिम्युरियम, न्यूपोर्ट, असे बरेच, साल्मोनेलाच्या एकूण अडीच हजारांवर जाती मोजल्यात. पण जोराचा ताप आणि एंडोटॉक्सिन चढलं तर जुलाबवाल्या जातीने आजारी पडलेली घोडी पण गाभडू शकते. म्हणून नऊ महिन्यांचीला लांबच ठेवा. गाभडलीच कधी, तर वार आणि मेलेलं पिल्लू हातमोज्यांशिवाय उचलू नका, आणि टाकून देण्याआधी तपासणीला पाठवा.

शिंगराला पुढचे दोन आठवडे रोज दोनदा ताप बघा. दूध पिणं कमी झालं, घोडीची कास भरलेली राहिली, एखादा सांधा सुजला, की थांबायचं नाही. सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान शिंगराला जे साधे जुलाब लागतात, त्यात ते खेळत असतं, पीत असतं. तुमचं ते वय उलटून गेलंय, त्यामुळे आता पातळ दिसलं तर तसं समजून सोडू नका.

शिंगरूवेडी

सहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला, झोप अशी नाहीच.

दुसरे डॉक्टर त्याच रात्री आले. पुढच्या दोन्ही पायांना नाडी ठणठणत होती, लॅमिनायटिस सुरूच झाला होता, पण लवकर धरला म्हणाले. तीन दिवस-तीन रात्री बर्फ, मी आणि भाऊ आळीपाळीने, दर तास-दीड तासाने पिशव्या भरायच्या. तिसऱ्या रात्री बर्फ भरता भरता माझे हात इतके सुन्न झाले की बदामनेच खाली मान घालून माझ्या मानेवर फुंकर मारली, म्हणजे तो गवत शोधत असणार, पण मला रडू आलं. एक्सरे काढला, हाड जागचं हललेलं नाही. काल बर्फ बंद केला. अजून जाड अंथरावरच आहे, फिरवणं महिनाभर तरी नाही.

नमुने: दुसरा निगेटिव्ह. तिसरा पॉझिटिव्ह. म्हणजे पहिल्या रिपोर्टवर विसंबून आणला असता तर तो तिथे रांगेत उभा राहून जंतू टाकत असता आणि आम्ही म्हणालो असतो निगेटिव्ह आहे. आता डॉक्टर म्हणाले आज-उद्याचे नमुने पाठवायची घाई नको, काही आठवडे जाऊ देत, मग नव्याने पाच लागोपाठ. काही घोडे महिनोन् महिने टाकत राहतात असंही म्हणाले.

मोतद्दाराच्या तपासणीत पण साल्मोनेलाच निघाला. तो बरा आहे, मुलीला काही झालं नाही, पण त्याच्या बायकोने आमच्याशी बोलणं टाकलंय, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही, आम्ही त्याला आधी सांगायला हवं होतं.

मालकांना जंतूंचं सगळं व्यवस्थित लिहून दाखवलं, ते म्हणाले बघू. मग शिंगराचं लिदीचं सांगितलं. आता म्हणतात खोली पाहिजे तेवढे दिवस ठेवा. फावडं ताई, तुमचे पाय कुठे आहेत.

शिंगरू ठणठणीत. दिवसातून दोनदा ताप बघायला गेलं की मला लाथ मारतं, आणि आज बरोबर लागली.

फावडं_नंबर_दोन

लाथ लागली म्हणजे तब्येत चांगली आहे 😄 पाईपचं काय केलंत?

शिंगरूवेडी

दोन घेतले. बदामचा लाल, बाकीच्यांचा हिरवा, आणि भिंतीला छातीच्या उंचीवर खुंट्या ठोकल्या. आज सकाळी बघितलं तर हिरवा खालीच पडलेला. आता तिथे पाटी लावतेय.